साठ डॉलरचा ट्यूनर आणि मेजर आर्मस्ट्राँग

गेल्या महिन्यात एक ट्यूनर घेतला. घरात बातमी फुटल्यावर पहिला प्रश्न आला तो चिरंजीवांकडून, "ट्यूनर म्हणजे काय?" आणि दुसरा सौ.कडून, "तो ठेवणार कुठे?" दुसऱ्याचं उत्तर अजून सापडलेलं नाही, म्हणून आधी पहिल्याचं देतो.

ट्यूनर म्हणजे अर्धा रेडिओ. हवेतून स्टेशन पकडायचं, त्यातून गाणं सोडवून घ्यायचं आणि ते तारेने अँप्लिफायरच्या हवाली करायचं, एवढंच त्याचं काम. स्वतःचा आवाज त्याला नाही. एके काळी हौशी लोकांच्या घरी अँप्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर, टेपडेक आणि ट्यूनर अशी चवड असायची. आता तो सगळा कारभार खिशातल्या फोनमध्ये गेला आहे आणि ट्यूनर तळघरांमध्ये. तिथेच मला तो भेटला.

न्यू जर्सीत एखाद्या घरातलं वडीलधारं माणूस गेलं की बरेचदा घरातल्या वस्तूंची विक्री मांडतात. त्याला इथे एस्टेट सेल म्हणतात. शनिवार-रविवार, दार उघडं, प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी. परक्या माणसाच्या घरात असं फिरताना मला अजूनही जरा चोरासारखं वाटतं, पण जायचं काही सुटत नाही. त्या शनिवारी तळघरात एका फळीवर केनवूडचा केटी-७५०० दिसला. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातला. चंदेरी दर्शनी भाग, दोन मीटर, लांबलचक डायल आणि जड गोल नॉब. नॉबला बोटाने एक झटका दिला की आतल्या वजनदार चाकामुळे काटा ८८ पासून १०८ पर्यंत घरंगळत जातो. मी तीन-चार वेळा तो नुसताच इकडून तिकडे फिरवला. चिठ्ठीवर साठ डॉलर लिहिलं होतं. घासाघीस न करता दिले. (हे सौ.ने वाचलं तर वाचलं.)

पण आज सांगायचंय ते शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या रेडिओबद्दल. कमरेएवढ्या उंचीचं लाकडी कपाट, वर डायल, खाली स्पीकरवर जुन्या सोफ्यासारखं कापड. वॉल्व्हचा सेट. मालकीणबाई ऐंशीच्या घरातल्या. म्हणाल्या, "हा माझ्या सासऱ्यांचा. १९४१ सालचा. चालतो, पण एफएमवर काही लागत नाही. त्यांनी दोनदा दुरुस्तीला दिला होता." लावून बघितला. दिवे लागले, वॉल्व्ह तापले, एएमवर कुणीतरी तावातावाने बोलत होतं. एफएमवर मात्र सुं... सुं... आणि सुं. मग मी डायलवर वाकून पाहिलं. एफएमच्या पट्टीवर आकडे होते ४२ ते ५०. आज जिथे सगळी स्टेशनं आहेत ते ८८ ते १०८ हे आकडे त्या डायलवर नव्हतेच!

रेडिओत काही बिघाड नव्हता. तो ज्यांना ऐकायला बनवला होता ती स्टेशनंच त्याच्यासमोरून उचलून दुसरीकडे नेली गेली होती. मी बाईंना तसं सांगितलं. त्या जरा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे दोन्ही वेळचे पैसे फुकटच गेले म्हणायचे."

ही स्टेशनं उचलल्याची गोष्ट माहीत असायला हवी असं मला वाटतं, कारण एफएम ज्याने शोधलं त्याचा घात वादळाने किंवा विजेने केला नाही. डायलवरच्या आकड्यांनी केला.

एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग १८९० सालचा, न्यू यॉर्कचा. वाढला यॉंकर्सला, हडसन नदीच्या काठी. कोलंबिया विद्यापीठात शिकत असतानाच, १९१२ मध्ये, त्याने वॉल्व्हमधून निघालेला सिग्नल पुन्हा त्याच वॉल्व्हला देऊन कित्येक पटींनी वाढवायची युक्ती शोधली. पहिल्या महायुद्धात सैन्यात असताना १९१८ मध्ये पॅरिसला सुपरहेटरोडाइन रिसीव्हर काढला. आपल्या आजोबांच्या वॉल्व्हच्या रेडिओपासून माझ्या या केनवूडपर्यंत सगळ्यांच्या पोटात तीच रचना आहे. युद्धाने 'मेजर' हा हुद्दा दिला आणि लोक त्याला शेवटपर्यंत मेजर म्हणत राहिले.

रेडिओ कंपन्यांनी त्याची पेटंटं घेतली, त्यात तो गडगंज झाला. एके काळी आरसीए या बलाढ्य रेडिओ कंपनीचा सगळ्यात मोठा वैयक्तिक भागधारक हाच होता. आरसीएच्या डेव्हिड सार्नोफशी दोस्ती इतकी, की सार्नोफची सेक्रेटरी मॅरियन हिच्याशी १९२३ मध्ये मेजरचं लग्न झालं. लग्नाची भेट म्हणून त्याने तिला काय द्यावं? हलवता येणारा सुपरहेटरोडाइन रेडिओ. उंच मनोऱ्यांवर चढायचंही त्याला वेड होतं. त्याच वर्षी तो आरसीएच्या इमारतीवरच्या अँटेनाच्या टोकावर चढला, तेव्हा सार्नोफने चिडून त्याला तिथे यायचीच बंदी केली. सौ. म्हणते तसं, असली माणसं लांबूनच बरी.

आता खरखर. ज्यांनी पावसाळ्यात मिडियम वेव्हवर गाणी ऐकली आहेत त्यांना खरखर समजावून सांगायला नको. लहानपणी आमच्याकडे संध्याकाळी आभाळ भरून आलं की बाबा रेडिओच बंद करायचे. नेमकी आवडीच्या गाण्याची वेळ असायची, आणि प्रत्येक विजेबरोबर रेडिओतून पापड मोडल्यासारखा कडकडाट. याचं कारण सोपं आहे. एएममध्ये आवाजाप्रमाणे लहरीची उंची कमी-जास्त होते. वीजही त्या उंचीतच ढवळाढवळ करते, आणि रेडिओ बिचारा गाणं कुठलं अन् वीज कुठली हे ओळखू शकत नाही.

सार्नोफनेच म्हणे मेजरला या खरखरीवर काहीतरी उपाय काढायला सांगितलं होतं. उंची कायम ठेवून लहरीची फ्रीक्वेन्सी आवाजाबरोबर हलवायची, ही एफएमची कल्पना तशी नवी नव्हती. पण ती कुचकामी आहे असं १९२२ मध्ये जॉन कार्सन या मोठ्या गणितज्ञ इंजिनियराने कागदावर सिद्ध केलं होतं. तेव्हा सगळेजण सिग्नल जितका अरुंद ठेवता येईल तितका बरा असं धरून चालले होते. मेजरने उलटं केलं. त्याने सिग्नल चांगला ऐसपैस पसरू दिला, आणि रिसीव्हरमध्ये आधी उंचीतले सगळे चढउतार सपाट कापून टाकले. विजेचा गोंधळ त्या कापाकापीत जातो, गाणं फ्रीक्वेन्सीत सुखरूप राहतं. कार्सनचं गणित चुकलं नव्हतं, त्याने अरुंद एफएमचा विचार केला होता इतकंच. मला या सगळ्या गोष्टीत हाच भाग सर्वांत आवडतो.

२६ डिसेंबर १९३३ ला पेटंटं मिळाली. पुढच्या वर्षी आरसीएने एम्पायर स्टेट बिल्डिंगवरची जागा प्रयोगांना दिली. प्रयोग उत्तम झाले, आणि १९३५ मध्ये मेजरला आपलं सामान हलवायला सांगण्यात आलं. आता तिथे टेलिव्हिजनचे प्रयोग करायचे होते. सार्नोफला हवा होता एएमवर उपाय, एएमच्या मुळावर येणारं सबंध नवं तंत्र नको होतं. त्याची कंपनी एएम स्टेशनांवर आणि एएम रेडिओंवर उभी होती, आणि पुढचा पैसा त्याने टेलिव्हिजनवर लावला होता. धंदेवाईक माणसाच्या जागी उभं राहिलं तर यात फार आश्चर्य वाटत नाही. पण तेवढ्यावर थांबलं असतं तर.

त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला मेजरने न्यू यॉर्कमध्ये रेडिओ इंजिनियरांच्या सभेत एफएम ऐकवलं. प्रक्षेपण यॉंकर्समधल्या एका मित्राच्या घरातून होत होतं. त्या मित्राने मायक्रोफोनपुढे पेल्यात पाणी ओतलं, कागद चुरगाळला. पाणी पाण्यासारखं ऐकू आलं आणि कागद कागदासारखा. मधल्या वेळात तर काहीच ऐकू आलं नाही, आणि खरा चमत्कार तोच. रेडिओ चालू असताना शांतता ऐकू येते, हे तोवर कुणाला माहीत नव्हतं.

मग त्याने स्वतःच्या खिशातले तीन लाखांवर डॉलर घालून अल्पाइनला मनोरा उभारला. अल्पाइन आमच्याच बर्गन काउंटीत आहे, हडसनच्या पश्चिमेच्या कड्यांवर, बरोबर यॉंकर्सच्या समोर. लहानपणी ज्या घरातून तो नदी बघायचा तिथून पलीकडे हा मनोरा दिसावा. सुमारे सव्वाचारशे फूट उंच, तीन आडवे हात पसरलेला. आजही उभा आहे. पॅलिसेड्स पार्कवेवरून जाताना मी कित्येकदा पाहिला असेल, आणि कसलातरी मोबाइलचा टॉवर म्हणून पुढे गेलो असेन. २००१ च्या ११ सप्टेंबरला वर्ल्ड ट्रेड सेंटरवरच्या अँटेना गेल्या, तेव्हा न्यू यॉर्कच्या काही टीव्ही स्टेशनांनी काही काळ याच मनोऱ्याचा आसरा घेतला होता.

अल्पाइनहून १९३९ पासून नियमित प्रक्षेपण सुरू झालं. १९४० मध्ये सरकारच्या एफसीसीने एफएमला ४२ ते ५० मेगाहर्ट्झ हा पट्टा दिला आणि १ जानेवारी १९४१ पासून व्यापारी प्रक्षेपणाला परवानगी. आमच्या बाईंच्या सासऱ्यांनी ते कपाट घेतलं ते याच वर्षी. हौशी माणूस असणार. त्या काळी असा सेट स्वस्त नव्हता, आणि इतक्या लवकर तो घेणारा माणूस कानाचा शौकीनच.

मग युद्ध. रेडिओंचं उत्पादन थांबलं. मेजरने आपली पेटंटं सैन्याला फुकट वापरू दिली. आणि १९४५ मध्ये एफसीसीने ठरवलं, की एफएमने सध्याचा पट्टा सोडून वर, ८८ च्या पुढे जायचं. कारण असं दिलं, की सूर्यावरचे डाग वाढले की खालच्या पट्ट्यात लांबलांबची स्टेशनं एकमेकांत मिसळतील. मेजरने आणि इतर जाणकारांनी कळवळून सांगितलं की हे भाकीत चुकीचं आहे. पण निर्णय फिरला नाही. गंमत अशी की टेलिव्हिजनला त्याच शेजारचे पट्टे चालत होते, त्याच्या चित्राला सूर्याच्या डागांची भीती नव्हती!

काही वर्षं दोन्हीकडे प्रक्षेपण चाललं, मग जुना पट्टा बंद. लोकांच्या घरातले काही लाख सेट मुके झाले. स्टेशनांचे ट्रान्समीटर निकामी झाले. शिवाय ताकदीवरही मर्यादा आल्या, त्यामुळे अल्पाइनचा आवाज पूर्वीइतका लांब पोचेना. यामागे कारस्थान किती आणि अडाणीपणा किती यावर इथले जुने इंजिनियर अजून भांडतात. मला विचाराल तर सबंध कारस्थान मानायची गरज नाही. ज्यांचं नुकसान होणार होतं ते थोडे होते आणि ज्यांना काही फरक पडत नव्हता ते बलवान होते, एवढं पुरतं.

मेजरची लढाई मग कोर्टात गेली. आरसीएने १९४० मध्ये त्याला दहा लाख डॉलर एकरकमी देऊ केले होते. त्याने नाकारले, कारण इतर कंपन्या नियमित रॉयल्टी देत होत्या, मग आरसीएलाच वेगळा न्याय का? १९४८ मध्ये त्याने दावा लावला. वर्षानुवर्षं वकील त्याला प्रश्न विचारत राहिले, पेटंटांची मुदत संपत गेली आणि पैसाही.

त्याचा पुतळा करायची मला इच्छा नाही. १९५३ च्या थँक्सगिव्हिंगला पैशांवरून वाद झाला आणि त्याने शेकोटीतली सळई मॅरियनच्या हातावर मारली. तिने उतारवयासाठी राखून ठेवलेला पैसा त्याला खटल्यात घालायचा होता. ती घर सोडून बहिणीकडे गेली. तीस वर्षांचा संसार. १९५४ च्या ३१ जानेवारीच्या रात्री त्याने मॅरियनला पत्र लिहिलं, ओव्हरकोट, हॅट, हातमोजे घातले आणि तेराव्या मजल्यावरच्या घराच्या खिडकीतून उडी घेतली. मार्चमध्ये अल्पाइनचं प्रक्षेपण थांबलं.

खटले पुढे चालवले ते मॅरियनने. त्याच वर्षाच्या अखेरीस आरसीएने दहा लाखांच्या आसपास रक्कम देऊन प्रकरण मिटवलं. बाकीच्या कंपन्यांशी ती एकेक करून लढली, आणि १९६७ मध्ये मोटोरोलाविरुद्धचा शेवटचा खटलाही जिंकली. जिच्या हातावर सळई बसली तिनेच त्याचं नाव राखलं. याबद्दल काय म्हणावं हे मला कळत नाही.

तोवर एफएम नव्या पट्ट्यात पाय रोवत होतं. १ जून १९६१ ला स्टिरिओ प्रक्षेपण सुरू झालं आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत एफएमचे श्रोते एएमपेक्षा जास्त झाले. ट्यूनरचं सोन्याचं युग ते हेच. मरांट्झच्या १०बी मध्ये तर सिग्नल बघायला छोटा ऑसिलोस्कोपच बसवलेला होता. मग जपानी कंपन्या उतरल्या आणि चांगला ट्यूनर मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. माझा केनवूड त्याच चढाओढीतला. आपल्याकडे एफएम आलं २३ जुलै १९७७ ला, मद्रासला. मुंबई-दिल्लीत खाजगी कार्यक्रम १९९३ पासून. म्हणजे हा ट्यूनर बनत होता तेव्हा आम्ही मिडियम वेव्हवर पापड मोडत बसलो होतो.

इथे नाशिकच्या दादासाठी खास सूचना, कारण माझा फोटो पाहून त्याने लगेच "मलाही बघ एखादा" असं कळवलं आहे. दादा, खुद्द जपानात विकलेला जुना ट्यूनर कितीही सुंदर दिसला तरी घेऊ नकोस. त्यांचा एफएमचा पट्टा ७६ ते ९० होता, आपली स्टेशनं त्याच्या पुढे. तुझ्या घरी तोही बाईंच्या कपाटासारखा सुं-सुं करत बसेल. शिवाय तो १०० व्होल्टचा, आणि अमेरिकेतला १२० चा. आपल्या २३० मध्ये थेट घातलास तर धूर. बटणांचा डिजिटल अमेरिकन ट्यूनर असेल तर तो ९८.१, ९८.३ अशा विषम आकड्यांवरच उड्या मारत जातो, १०४.८ वर थांबतच नाही. काट्याचा घे. अमेरिकन सेटवर भारतातली स्टेशनं किंचित बसक्या आवाजाची वाटतील, कारण दोन्हीकडे वरच्या पट्टीतल्या सुरांची मापं वेगळी आहेत, पण ते अँप्लिफायरच्या नॉबने भागतं.

आमच्या केनवूडचं म्हणाल तर डायलचा एक दिवा गेलेला होता आणि आवाजाचा नॉब फिरवताना कुरकुर करत होता. दिवा बदलला, नॉबमध्ये क्लीनर फवारला. आतल्या छोट्या स्क्रूंना मात्र हात लावला नाही. ते मोजमापाच्या उपकरणांशिवाय फिरवणं म्हणजे दुसऱ्याच्या घड्याळात बोट घालणं. मागे टी आकाराची साधी वायरची एरियल लावली आणि काटा हळूहळू ८९.९ वर आणला. कोलंबिया विद्यापीठाचं स्टेशन, जिथे मेजर शिकला आणि शिकवत राहिला. मधला मीटर बरोबर मध्यावर आला आणि स्टिरिओचा दिवा लागला. इथल्या विद्यार्थ्यांचा 'राग और ताल' हा कार्यक्रम मी पूर्वी गाडीत ऐकलेला आहे, पण त्या दिवशी जॅझ होतं. तेही चाललं. दोन गाण्यांच्या मध्ये खरंच काही ऐकू आलं नाही. बाबांना फोन लावून स्पीकरपुढे धरला, तर म्हणाले, "आवाज जरा मोठा कर, मला काही ऐकूच येत नाहीये."

हे सुख किती दिवसांचं? नॉर्वेने २०१७ मध्ये आपली राष्ट्रीय एफएम स्टेशनं बंद केली, तिथे आता ती डिजिटलवर आहेत. इथेही उद्या कुणी ठरवलं तर माझे साठ डॉलर बाईंच्या सासऱ्यांच्या पैशांच्या वाटेने जातील. पण उलटही घडतं. जून २००५ मध्ये अल्पाइनच्या त्याच मनोऱ्यावरून काही तासांसाठी ४२.८ मेगाहर्ट्झवर पुन्हा प्रक्षेपण केलं होतं, एफएमच्या सत्तराव्या वर्षानिमित्त. ज्यांनी आपले युद्धापूर्वीचे सेट सांभाळून ठेवले होते त्यांनी ते लावले, आणि ते बोलले!

हे मी त्या शनिवारी रात्री वाचलं आणि रविवारी सकाळी कुणालाही न सांगता पुन्हा त्या घरी गेलो. कपाट तळघरात नव्हतं. बाहेर एक तरुण ते गाडीत चढवत होता. त्याला ते बाटल्या ठेवायला हवं होतं, म्हणाला आकार झकास आहे. आतलं यंत्र त्याने उचकटून गवतावर ठेवलं होतं, वॉल्व्ह, डायल, ४२ ते ५० सगळं तसंच. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, घेऊन जा, पैसे नकोत.

सध्या ते गाडीच्या डिकीत, जुन्या चादरीखाली आहे. हे वाचणाऱ्या नातेवाइकांनी सौ.शी फोनवर बोलताना तेवढं जपावं.